दफ्तराबाहेर जाणारी नक्कल

मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या ग्रंथालयाची यादी उघडावी, हव्या त्या पुस्तकाचे नाव, त्याचा लेखक, त्याची किंमत आणि ते सध्या कपाटात आहे की कोणा सभासदाकडे गेले आहे एवढा मजकूर निमिषार्धात समोर यावा, आणि त्यामागे काही खटाटोप घडला असेल अशी शंकाही वाचणाऱ्याच्या मनाला शिवू नये, इतकी ही गोष्ट आता अंगवळणी पडली आहे. वस्तुतः तेवढ्या अवधीत तो मजकूर तीन अवस्थांतून गेलेला असतो. दूरच्या संगणकावरील डेटाबेसमध्ये तो रकान्यांत विभागलेली नोंद म्हणून पडून असतो. तेथील प्रोग्रामच्या स्मृतीत त्याची 'ऑब्जेक्ट', म्हणजे गुण आणि वर्तन यांनी युक्त अशी एक वस्तू होते. आणि प्रवासाला निघताना तिची निव्वळ अक्षरांची एक लांबलचक ओळ बनते. या ओळीची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे जेसन, आणि दुसऱ्या अवस्थेतून तिसरीत होणारे हे परिवर्तन हा प्रस्तुत लेखाचा विषय. प्रोग्रामर मंडळी त्याला सीरियलायझेशन म्हणतात आणि बहुधा यांत्रिक काम समजून एका ओळीच्या आज्ञेत ते उरकून टाकतात. माझ्या मते यंत्राकडे सोपवण्यासारखा भाग त्यात निम्माच आहे; उरलेला निम्मा भाग बाहेर काय जावे आणि काय जाऊ नये या निर्णयाचा आहे, आणि तो निर्णय कोणीतरी माणसानेच घ्यावा लागतो.

जेसनचा जन्म फार जुना नाही. २००१ च्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार हे दोघे सहकारी ब्राउझरमधील पान पुनःपुन्हा न मागवता दूरच्या संगणकाशी त्याचे बोलणे चालू ठेवता येईल काय, या विवंचनेत होते. ब्राउझरला मुळातच अवगत असलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत वस्तू लिहून दाखवण्याची जी रीत होती, तिच्यातच त्यांनी निरोप धाडला, आणि तो पहिलाच निरोप फसला. कारण त्यातील एका रकान्याला 'डू' असे नाव दिलेले होते आणि 'डू' हा शब्द जावास्क्रिप्टने स्वतःच्या उपयोगासाठी राखून ठेवलेला होता. अशा राखीव शब्दांची जंत्री नियमांत घुसडण्याऐवजी क्रॉकफर्ड यांनी प्रत्येक नाव अवतरणचिन्हांतच लिहिले पाहिजे असा सरसकट दंडक घालून दिला, आणि तो आजतागायत पाळला जातो. २००२ साली त्यांनी या पद्धतीचे व्याकरण एका संकेतस्थळावर मांडले. २००६ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध केले. आणि २०१७ च्या डिसेंबरात त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. भाष्य किंवा शेरे लिहिण्याची सोयदेखील क्रॉकफर्ड यांनी काढून टाकली, कारण लोक त्या शेऱ्यांत वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी गुप्त सूचना भरू लागले होते. असा करारीपणा तांत्रिक मंडळींमध्ये विरळा, आणि मला तो मनापासून आवडतो.

या काटकसरीमुळे जेसनमध्ये मोजकेच प्रकार उरले: अक्षरे, संख्या, खरे-खोटे, रिक्तता, यादी, आणि नाव व मूल्य यांच्या जोड्यांचा संच. त्यापलीकडे काही नाही. सामग्री एवढी अल्प असल्याने जगातील कोणत्याही संगणकभाषेला तो वाचता येतो, आणि सामग्री एवढी अल्प असल्यानेच डेटाबेसमधील समृद्ध वस्तू त्यात बसवताना पदोपदी अडचण येते.

अडचण समजावी म्हणून आपण एक प्रत्यक्ष फ्रेमवर्क घेऊ. जँगो हे पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाच्या वृत्तपत्राच्या वेब विभागात, २००३ साली आकाराला येऊ लागले. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे तेथील प्रोग्रामर. बातमीदारांच्या मागण्या तासांच्या मुदतीने येत, आणि प्रत्येक मागणीसाठी तेच ते काम नव्याने करीत बसण्यास उसंत नसे, म्हणून त्यांनी समान काम एकदाच करून ठेवणारी ही चौकट बांधली. २००५ च्या जुलैमध्ये ती सर्वांना खुली झाली आणि जँगो राइनहार्ट या विख्यात गिटारवादकाचे नाव तिला देण्यात आले. नोंदींचा व्यवहार ज्या धंद्यात रोजचा, त्या वृत्तपत्रसृष्टीत हे साधन जन्मावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

जँगोमध्ये प्रोग्रामर डेटाबेसशी थेट बोलत नाही. तो 'मॉडेल' लिहितो. पुस्तक या मॉडेलला शीर्षक, किंमत, दाखल केल्याची तारीख आणि लेखक असे रकाने आहेत असे त्याने सांगितले, की डेटाबेसमधील तक्ता तयार करण्याचे आणि त्यातील प्रत्येक ओळीतून एकेक पुस्तक-वस्तू उभी करण्याचे काम फ्रेमवर्क आपल्याकडे घेते. तक्त्यांच्या परस्परसंबंधांवर आधारलेली डेटाबेसची ही कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली मांडली, आणि वस्तूंच्या भाषेत विचार करणाऱ्या प्रोग्रामरांची व तक्त्यांच्या भाषेत साठवणाऱ्या डेटाबेसची ओढाताण तेव्हापासून नाही तरी त्यानंतर लवकरच सुरू झाली. मॉडेल हा त्या दोहोंमधला दुभाषा. मात्र हे पुस्तक-ऑब्जेक्ट जेसन करणाऱ्या पायथनच्या आज्ञेपुढे ठेवले, तर ती आज्ञा ही वस्तू जेसनमध्ये बसत नाही असा इरसाल निरोप देऊन काम थांबवते. नवख्याला हा दोष वाटतो. मला तो दोष वाटत नाही. त्या ऑब्जेक्टपाशी शीर्षक आहे तशा डेटाबेसकडे धाव घेणाऱ्या क्रियाही आहेत, आणि यांतले काय न्यायचे ते भाषेने परस्पर ठरवू नये हेच योग्य.

प्रथम साध्या मूल्यांचा हिशेब पाहू, कारण तेथेही पाय घसरण्याजोग्या जागा आहेत. तारीख हा प्रकार जेसनला ठाऊकच नाही, म्हणून ती अक्षरांत लिहावी लागते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाचा आंतरराष्ट्रीय प्रघात त्यासाठी रूढ झाला आहे आणि जँगोचा स्वतःचा एन्कोडर, म्हणजे मूल्यांचे जेसन करणारा भाग, तोच पाळतो. पण खरी मेख वेळेत आहे. जँगोच्या ५.० या आवृत्तीपासून कालविभागांचा विचार करण्याची व्यवस्था आपोआप चालू असते आणि वेळ डेटाबेसमध्ये जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवली जाते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे. एखाद्या सभासदाने १ एप्रिलच्या रात्री दोन वाजता घरबसल्या वर्गणी भरली, तर साठवलेली वेळ ३१ मार्चच्या रात्री साडेआठची असते. ती संपूर्ण पाठवली आणि पाहणाऱ्याच्या बाजूने नीट उलगडली तर काही बिघडत नाही; पण मधल्या कोणी घाईत वेळेचा भाग छाटून केवळ तारीख पुढे धाडली, तर ती पावती मागल्या आर्थिक वर्षात जमा होते, आणि हिशेबतपासनीस ज्या तफावतीच्या मागे डोके खाजवीत बसतो, तिचे मूळ अशा छाटणीत असते.

पैशाची गोष्ट त्याहून नाजूक. बहुतेक संगणक दशांश संख्या द्विमान पद्धतीने साठवतात आणि त्या पद्धतीत एकदशांश ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही, परिणामी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी येते. म्हणूनच नेमक्या दशांशांसाठी असलेले 'डेसिमल' मूल्य जँगोचा एन्कोडर संख्या म्हणून न पाठवता अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून पाठवतो. किंमत अक्षरांत का आली म्हणून ॲप लिहिणारे कुरकुरतात. त्यांनी कुरकुर करावी, पण ती संख्या करून मागू नये. मोठ्या पूर्णांकांचेही तसेच. जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ या मर्यादेपर्यंतचे पूर्णांक बिनचूक जपते, त्यापुढे शेवटचे अंक बदलू लागतात. ट्विटरने २०१० साली आपल्या संदेशांना नवे, प्रचंड क्रमांक देण्यास आरंभ केला तेव्हा याच कारणास्तव तोच क्रमांक एकदा संख्या म्हणून आणि एकदा अक्षरे म्हणून, असा दुहेरी देण्याची तजवीज त्या कंपनीला करावी लागली.

आणि आपल्या लिपीचे काय? पायथनची जेसन-आज्ञा काही सांगितले नाही तर रोमन वर्णसंचाबाहेरचे प्रत्येक अक्षर सांकेतिक क्रमांकात बदलते: एक उलटी तिरपी रेघ, पुढे एक रोमन वर्ण, पुढे चार चिन्हांचा क्रमांक. 'मराठी' हा शब्द संगणकाच्या मोजणीने पाच चिन्हांचा. सरळ यूटीएफ-८ पद्धतीने लिहिला तर तो १५ बाइट व्यापतो, सांकेतिक रूपात ३०. वाचणारा प्रोग्राम दोन्ही रूपे समसमान उलगडतो, त्यामुळे पडद्यावर फरक दिसत नाही; परंतु मराठी मजकुराचा भार विनाकारण दुप्पट होतो आणि दोष शोधण्यासाठी ती ओळ डोळ्यांनी वाचू पाहणाऱ्या माणसाला आपलीच भाषा ओळखू येत नाही. वास्तविक २०१७ च्या मानकाने खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ अनिवार्यच केले आहे. ही सक्तीची सांकेतिकता बंद करण्यास एक शब्द पुरतो, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाने तो लिहावा.

आता संबंधांकडे वळू. पुस्तकाला लेखक असतो, आणि लेखकापाशी त्याच्या पुस्तकांची यादी असते. पुस्तक लिहिताना लेखक लिहिला, लेखक लिहिताना त्याची पुस्तके लिहिली, आणि त्या प्रत्येक पुस्तकाबरोबर पुन्हा लेखक लिहिला, तर या वर्तुळाला अंत नाही; पायथन ते ओळखून थांबते, परंतु कोठे तोडायचे ते सांगत नाही. लेखकाचा केवळ क्रमांक द्यावा, नाव द्यावे, एक पायरी आत जाऊन थोडा तपशील द्यावा, की त्याचा तपशील जेथे मिळेल तो पत्ता द्यावा, हे चारही मार्ग प्रचलित आहेत. ॲपच्या पडद्याला काय लागते यावर निवड अवलंबून ठेवावी एवढेच मी म्हणेन.

या संबंधांपायी आणखी एक छुपा खर्च लागतो. पन्नास पुस्तकांची यादी मागवली की जँगो एका प्रश्नात ती डेटाबेसकडून आणते. मात्र लेखकाचा तपशील त्या वेळी आणत नाही, कोणी विचारील तेव्हा आणू, असा त्याचा आळशी पण सकारण बाणा असतो. सीरियलायझर, म्हणजे सीरियलायझेशन करणारा भाग, प्रत्येक पुस्तकापाशी थांबून लेखकाचे नाव विचारतो, आणि दर वेळी एक नवा प्रश्न डेटाबेसकडे जातो. म्हणजे एकूण एक्कावन्न. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर चार पुस्तके असतात तोवर हे कोणाच्या ध्यानी येत नाही. यावरचा उतारा जँगोतच आहे: 'सिलेक्ट-रिलेटेड' म्हटले की पुस्तके आणि लेखक एकाच जोडप्रश्नात येतात, आणि 'प्रीफेच-रिलेटेड' म्हटले की दोन प्रश्नांत भागते.

येथवरचे सारे प्रश्न कौशल्याचे झाले. त्यांची उत्तरे दस्तऐवजांत सापडतात. खरा प्रश्न याच्यापुढे आहे. जँगोबरोबर एक तयार सीरियलायझर येतो. त्याच्या हाती वस्तू दिल्या की तो मॉडेलचे नाव, नोंदीचा मुख्य क्रमांक आणि झाडून सारे रकाने जेसनमध्ये काढून देतो. एका ओळीत काम होते म्हणून अनेकांना त्याचा मोह पडतो. पण तो मुख्यतः एका डेटाबेसमधील मजकूर उतरवून दुसऱ्यात जसाच्या तसा चढवता यावा या हेतूने उपयोगी पडणारे साधन आहे, आणि त्या कामी काहीही न गाळणे हाच त्याचा गुण. एका कचेरीचे दफ्तर दुसऱ्या कचेरीत हलवताना एकही कागद मागे राहता कामा नये, हे खरे. पण खिडकीशी उभ्या असलेल्या अर्जदाराला नक्कल देताना कारकून अख्खे बाड त्याच्या हाती ठेवीत नाही, अर्जात मागितलेला आणि त्याला मिळण्याजोगा तेवढाच उतारा काढून, रुजवात करून, देतो. तयार सीरियलायझर दफ्तर हलवणारा आहे. नक्कल देण्याच्या खिडकीवर त्याला बसवणे हा गैरवापर.

हा गैरवापर किती महाग पडू शकतो, हे जँगोच्याच 'यूजर' या मॉडेलवरून ध्यानी येते. त्यात नाव आणि ईमेल असतो, शेवटचा प्रवेश केव्हा झाला त्याची वेळ असते, ही व्यक्ती सर्वाधिकारी आहे की नाही याची खूण असते, आणि 'पासवर्ड' हाही एक रकाना असतो. त्यात मूळ पासवर्ड नसतो हे खरे; गणिती प्रक्रियेचे नाव, तिची आवर्तने किती, प्रत्येकासाठी वेगळी मिसळलेली यादृच्छिक अक्षरे आणि अखेरचा निष्कर्ष एवढे असते. परंतु हाच ऐवज कोणाच्या हाती लागला, तर सोपे पासवर्ड स्वस्थपणे, आपल्या घरच्या संगणकावर, अंदाजाने ताडून पाहण्याची मुभा त्याला मिळते. हे मॉडेल कोणी सरसकट जेसन करून पाठवले आणि ॲपच्या पडद्यावर केवळ नाव दाखवले, तर वापरणाऱ्याला वाटते की नावच आले. प्रत्यक्षात सारेच आलेले असते. ब्राउझरमधील प्रोग्रामरांची खिडकी उघडून 'नेटवर्क' या भागात डोकावणाऱ्या कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याला ते अक्षरशः वाचता येते, त्यासाठी कुलूप फोडावे लागत नाही. आपल्या ग्रंथालयाच्या उदाहरणात सभासदाचा पत्ता, दूरध्वनी आणि त्याने आजवर कोणकोणती पुस्तके नेली याची यादी अशीच बाहेर पडेल. आणि माणूस काय वाचतो ही बाब त्याच्या पत्त्यापेक्षाही खासगी आहे असे मी मानतो.

सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०१९ साली ॲपला असा मजकूर पुरवणाऱ्या सेवांमधील दहा प्रमुख धोक्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात गरजेपेक्षा अधिक मजकूर उघडा पडण्याच्या या दोषाला तिसरे स्थान दिले होते. २०२३ च्या यादीत त्याच स्थानी हा दोष आणि त्याचा उलट्या दिशेचा भाऊबंद, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर न चाळता सगळ्या रकान्यांत भरून घेण्याचा दोष, हे एकत्र आणले गेले. उलट दिशेचे ठळक उदाहरण २०१२ च्या मार्च महिन्यात, प्रोग्रामांची भांडारे सांभाळणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावर घडले: रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या त्या संकेतस्थळाच्या एका अर्जात एका तरुणाने अर्जात नसलेला एक रकाना स्वतःच्या पदरचा जोडून पाठवला, आणि त्या बळावर खुद्द रेल्सच्याच भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. जाताना काय द्यावे आणि येताना काय घ्यावे, दोहोंची यादी लागते.

ती यादी लिहिण्याची शिस्त जँगोच्या जगात टॉम क्रिस्टी यांनी २०११ पासून विकसित केलेल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कने बरीचशी रुजवली. त्यात प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र सीरियलायझर लिहायचा आणि कोणते रकाने न्यायचे ते नावानिशी नोंदवायचे. एकाच सभासदाचे दोन सीरियलायझर असू शकतात, एक ग्रंथपालासाठी आणि एक इतर सभासदांसाठी. त्यात पुनरुक्ती होते अशी तक्रार ऐकू येते, पण दोन निरनिराळ्या अर्जदारांना दोन निरनिराळे उतारे द्यायचे असतील तर दोन मसुदे लिहावे लागणारच. सारे रकाने घ्या असे सांगण्याची सोय येथेही शिल्लक आहे, आणि अमुक वगळून बाकीचे घ्या असे सांगण्याचीही. वगळण्याची यादी मला धोक्याची वाटते, कारण आज ती बिनचूक असली, तरी पुढल्या वर्षी कोणी सभासदाच्या मॉडेलमध्ये आधार क्रमांकाचा रकाना वाढवला, तर तो कोणाला न विचारता बाहेर जाऊ लागेल. नावानिशी लिहिलेल्या यादीत नवा रकाना तोवर जात नाही, जोवर कोणी तो जाणीवपूर्वक लिहीत नाही. या फ्रेमवर्कच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत यादी दिलीच नाही तर सारे रकाने आपोआप जात, ३.३ या आवृत्तीपासून तो मार्ग बंद झाला आणि काय घ्यायचे किंवा काय वगळायचे ते लिहिणे सक्तीचे ठरले. उशिरा का होईना, योग्य सक्ती.

भारतात २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात माहितीच्या रक्षणासाठी वाजवी खबरदारी न घेणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा पतसंस्था, शाळा, ग्रंथालय किंवा गृहनिर्माण संस्था यांपैकी कशाचाही कारभार ज्यांच्याकडे आहे आणि जे आपल्या सभासदांसाठी ॲप करून घेत आहेत, त्यांनी काम ताब्यात घेण्यापूर्वी करून देणाऱ्याकडे एक कागद अवश्य मागावा: प्रत्येक पडद्यामागे सर्व्हरकडून कोणकोणते रकाने बाहेर जातात, त्यांची यादी. ती वाचण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. त्यात 'सारे' असा एकच शब्द आढळला, तर बिलावर सही करू नये.